जुने इंजिन, नवा अग्नी

इंग्लंडमधील लीड्स येथे १८५५ मध्ये बांधलेले आणि ईस्ट इंडियन रेल्वेच्या सेवेतून १९०९ मध्ये निवृत्त झालेले ‘फेअरी क्वीन’ हे वाफेचे इंजिन तब्बल ८८ वर्षांनी, १९९७ मध्ये, पुन्हा मुख्य लोहमार्गावर धावले. अशा पुनरुज्जीवनात रंगरंगोटी सोपी असते, खरी कसोटी लागते ती बॉयलरची.

बॉयलर म्हणजे पाण्याची वाफ करणारे पोलादी पिंप. त्याच्या एका टोकाला कोळसा जाळण्याची अग्निपेटी असते आणि तिच्यातील तप्त वायू पाण्यात बुडालेल्या अनेक नळ्यांतून धुराड्याकडे जातात. वर्षानुवर्षे पाण्यातील क्षार या नळ्यांवर साचून उष्णता अडवतात आणि गंजामुळे पत्रा आतून झिजतो, म्हणून त्याची जाडी ठिकठिकाणी मोजावी लागते. दाबाची चाचणी वाफेने न करता पाण्याने करतात, कारण पाणी जवळजवळ दबत नसल्याने पत्रा फाटला तरी स्फोट न होता केवळ गळती होते.

अग्निपेटीच्या छतात शिशाचा गाभा असलेला एक छोटा बूच बसवलेला असतो. पाणी कमी होऊन छत उघडे पडले, की शिसे वितळते आणि वाफ आगीवर सुटून चालकाला सावध करते.

जीर्ण भाग बदलावा, तर ऐतिहासिकता घटते आणि न बदलावा, तर जीव धोक्यात येतो. मात्र धावणाऱ्या इंजिनाच्या बाबतीत सुरक्षिततेचाच कौल अखेरचा मानावा लागतो.