फिर्यादीचे वजन

धायरीचा उर्वरित भाग पुणे महापालिकेच्या हद्दीत जाण्यास जेमतेम महिना उरला असताना, २०१७ च्या सप्टेंबरात, सिंहगड रस्ता पोलीस ठाण्यात एक फिर्याद दाखल झाली. फिर्यादी होत्या हवामान खात्यातील ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉ. मेधा खोले; आरोपी होती त्यांच्याकडे गौरी-गणपतीचा व श्राद्धाचा स्वयंपाक करणारी धायरीची एक स्त्री; आणि आरोप असा, की जात लपवून, ब्राह्मण सुवासिनी असल्याचे भासवून तिने सोवळे मोडले. तिने तो साफ नाकारला. तरी तोतयेगिरीचे कलम ४१९ लावून गुन्हा नोंदला गेला. हीच तक्रार उलट दिशेने, स्वयंपाकघरातून दिवाणखान्याविरुद्ध आली असती, तर ठाणे अंमलदाराची लेखणी इतक्या त्वरेने चालली असती काय, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

फिर्यादीच्या नावाला असे वजन असते, म्हणूनच नामांकितांच्या फिर्यादीविषयी लोकांच्या मनात शंका उपजते. २९ जानेवारी २०१९ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात जसी स्मोलेट या कृष्णवर्णीय, समलिंगी अभिनेत्याने जबानी दिली, की मध्यरात्रीनंतर दोघांनी वर्ण आणि लैंगिकता यांवरून शिवीगाळ करीत आपणास मारले व गळ्यात दोर अडकवला. आरंभी सहानुभूतीचा पूर लोटला. पुढे, त्यानेच दोन भावांना पैसे देऊन हा बनाव रचला, या निष्कर्षाप्रत पोलीस आले. डिसेंबर २०२१ मध्ये ज्युरीने सहापैकी पाच आरोपांत त्याला दोषी ठरवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने ती दोषसिद्धी रद्द केली, परंतु ती सरकारी वकिलांनी पूर्वी केलेला करार मोडता येत नाही या कारणास्तव. हल्ला खरोखर झाला, असा निर्वाळा देऊन नव्हे. तो स्वतः आरोप नाकारीतच राहिला.

पुरावा तपासणारी शंका न्यायाची सहचरीच होय. पण एका प्रसिद्ध प्रकरणातून उठलेला संशय जेव्हा अवघ्या पीडित वर्गाला चिकटतो, तेव्हा त्याची किंमत अनामिकांना मोजावी लागते. महाराष्ट्रातूनच गेलेल्या सुभाष महाजन खटल्यात, मार्च २०१८ मध्ये, अॅट्रॉसिटी कायद्याच्या दुरुपयोगाची भीती सर्वोच्च न्यायालयास इतकी वाटली, की अटकेपूर्वी वरिष्ठांची परवानगी आणि गुन्हा नोंदण्याआधी प्राथमिक चौकशी अशा अटी घातल्या गेल्या. संसदेने त्याच वर्षी कायदा दुरुस्त केला. आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयाने ते निर्देश मागे घेताना, दलित-आदिवासी हे वर्ग म्हणून खोट्या तक्रारी करतात असे गृहीत धरता येणार नाही, हे स्पष्ट केले.

धायरीच्या प्रकरणात लोकक्षोभ उसळल्यावर फिर्याद काही दिवसांतच मागे घेण्यात आली. तोवर त्या स्त्रीची जात, तिचे नाव आणि तिचे गाव देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून झाले होते.