किल्ल्या सांभाळणारी माणसं

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या दीड कोटीने वाढली, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची मात्र घटली. रत्नागिरी जिल्ह्यात १६ लाख ९७ हजार माणसं होती, ती १६ लाख १५ हजारांवर आली. कोकणाला मुंबई नवी नाही. पण पूर्वी घरटी एखादा गिरणीत जायचा, बायको-मुलं गावी राहायची. आता अख्खं बिऱ्हाड विरार-बदलापूरला हलतं आणि गावी उरतात सत्तरीपुढची.

वाडीतली घरं उतारावर विखुरलेली. निम्म्यांना कुलपं लागली की शेजार म्हणजे एक चढण आणि एक व्हाळ. या बंद घरांच्या किल्ल्या कुणा म्हातारीच्या पडवीतल्या खुंटीवर असतात. पावसात कौलं फुटली तर मुंबईला कळवायचं, गणपतीआधी दारं उघडून केर काढायचा, हे तिचं काम. बिनपगारी खरं, पण त्या निमित्ताने फोन येतो आणि तिचा सल्ला विचारला जातो. ‘आता आराम करा’ म्हणणारी मुलं नेमकं हेच काढून घेतात.

श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये थेट खात्यात येतात. सोय झालीच. पण मनिऑर्डर आणणारा पोस्टमन पडवीत टेकायचा, पाणी प्यायचा, पलीकडच्या वाडीची खबर द्यायचा. आता पैसे काढायला बाजारपेठ गाठायची आणि जन्मभर लावणी-कापणी करून झिजलेला अंगठा यंत्राला पुन्हा पुन्हा दाखवायचा.

ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना एसटी मोफत आहे. ‘उगाच फिरतात’ अशी कुरकुर ऐकू येते. मला विचाराल तर उगाच फिरणं हाच या सवलतीचा खरा लाभ. आठवडा बाजारात वाटाभर सुका जवळा घ्यायचा, लेकीच्या गावचं कुणी भेटलं तर ‘बरा आसा मां?’ विचारायचं, एवढ्यासाठीच तर जायचं असतं. गाडीच बंद झाली तर सवलत काय कामाची? फेरी बंद करताना डेपोत भारमान बघतात, आणि चार म्हाताऱ्या प्रवाशांनी भारमान भरत नाही. निदान आठवडा बाजाराच्या दिवशी तरी, सकाळी गेलेल्या माणसाला जेवणवेळेपर्यंत वाडीच्या तिठ्यावर आणून सोडणारी एक फेरी ग्रामसभेने ठराव करून मागावी.