तेलाच्या दाबाचा काटा

मे महिन्यात धुळ्याहून एरंडोलमार्गे जळगावला जाणाऱ्या मोटारीतील तेलाचा दाबमापक पाहा. निघताना काटा वर असतो. एरंडोलला इंजिन चालू ठेवून गाडी थांबवली, की तो खाली उतरतो. हा बिघाड का? नव्हे. थंड तेल दाट असते. बेअरिंगांच्या फटींतून ते सावकाश वाहते, म्हणून दाब वाढतो. तापलेले तेल पातळ होऊन सहज निसटते. शिवाय इंजिन मंद फिरले, की पंपही कमी तेल ढकलतो. मिनिटाला दर 1000 फेऱ्यांमागे चौरस इंचास सुमारे 10 पौंड दाब पुरे, असा ठोकताळा आहे. मात्र काटा शून्याकडे गेला किंवा तांबडा दिवा लागला, तर इंजिन ताबडतोब बंद करावे. तेलाचा थर तुटला, की धातूवर धातू घासून बेअरिंगे जळतात.