कोळशाचा हिशेब टनात, माणसाचा कशात?

पुण्यात कोळशाची खाण नाही. ताडीवाला रोडच्या चाळीत, येरवड्याच्या वस्तीत किंवा दापोडी-पिंपरीच्या कामगार वसाहतीत राहणाऱ्या आपल्या माणसाने कोळसा पाहिला तो लोहाराच्या भट्टीत, नाहीतर रेल्वेच्या वाघिणीत. तरीही संध्याकाळी घरात दिवा लागतो, मुलगी परीक्षेचा अभ्यास करते, कारखान्यात रात्रपाळी चालते, त्यामागे कुठेतरी कोळसा जळत असतो. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. तिथून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची उच्चदाब वाहिनी १९९९ पासून वीज आणते. विदर्भात खणलेला कोळसा असा तारेवरून पश्चिम महाराष्ट्रात येतो.

हा कोळसा मुख्यतः काढते ती वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड ही सरकारी कंपनी. कामगार तिला ‘वेकोलि’ म्हणतात. मुख्यालय नागपूरला. बल्लारपूर, घुग्गुस, माजरी, वणी, उमरेड, सावनेर, कामठी आणि मध्य प्रदेशातील पेंच, कन्हान, पाथाखेडा असा तिचा पसारा. २०२३-२४ मध्ये तिने सुमारे ६ कोटी ९० लाख टन कोळसा काढला. आपल्यापैकी कित्येक घरांची सोयरीक चंद्रपूर-बल्लारपूरकडची आहे. कुणाचा मामा, कुणाचा जावई खाणीत पाळी करतो. म्हणून ही कंपनी कशी चालते हा केवळ दिल्ली-नागपूरच्या साहेबांचा प्रश्न नाही. तो आपल्याही घरचा प्रश्न आहे.

खाणी सरकारी का झाल्या?

स्वातंत्र्यानंतरही पंचवीस वर्षे बहुतेक खाणी खासगी मालकांच्या हातात होत्या. वरवरचा चांगला कोळसा ओरबाडायचा, आधाराचे खांबही कापून घ्यायचे आणि पोखरलेली जमीन तशीच सोडून पुढे जायचे, अशी अनेकांची रीत. कामगार ठेकेदाराच्या मुकादमाच्या मुठीत. मजुरी आणि अपघात या दोन्हींचे आकडे मालकाच्या सोयीने लिहिले जात.

१९७२ मध्ये पोलाद उद्योगाला लागणाऱ्या कोळशाच्या आणि १९७३ मध्ये उरलेल्या ७११ खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ मध्ये कोल इंडिया स्थापन झाली आणि त्याच वर्षी तिची उपकंपनी म्हणून वेकोलिचा जन्म झाला. तेव्हा कोल इंडियाचे वर्षाचे उत्पादन सुमारे ७ कोटी ९० लाख टन होते. २०२३-२४ मध्ये ते ७७ कोटी टनांवर गेले. कायम कामगारांची संख्या मात्र सहा लाखांहून अधिक होती, ती २०२४ मध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास आली. हे दोन आकडे शेजारी ठेवले की प्रगतीही दिसते आणि प्रश्नही दिसतो. उरलेले काम आता यंत्रे करतात आणि कंत्राटदाराची माणसे करतात.

बाबासाहेब खाणीत उतरले होते

खाणकामगारांशी आपले नाते जुने आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडच्या झरिया कोळसा क्षेत्रात गेले. कार्यालयात बसून अहवाल मागवला नाही, ते भुलनबरारी खाणीत सुमारे चारशे फूट खाली उतरले. कोळसा कसा काढतात ते पाहिले, कामगारांची घरे पाहिली. त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावर उपकर बसवायचा आणि तो पैसा कामगारांच्या घरांवर, दवाखान्यांवर, पाण्यावर, शिक्षणावर खर्चायचा, अशी ती योजना. खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यातही त्यांनी १९४३ मध्ये सुधारणा मांडली.

युद्धामुळे कोळशाची टंचाई होती, म्हणून १९४३ मध्ये स्त्रियांना भूमिगत कामाची बंदी सरकारने तात्पुरती उठवली. त्यावर विधिमंडळात टीका झाली. बाबासाहेबांनी ही युद्धकाळाची निकड असल्याचे सांगितले आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळाली पाहिजे हे तत्त्व लावून धरले. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. पुढे २०१९ मध्ये स्त्रियांना त्यांच्या लेखी संमतीने आणि सुरक्षिततेच्या अटींवर भूमिगत कामाची वाट खुली झाली.

१९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि राज्यानेच चालवावेत, अशी मागणी केली. पण मालकी बदलली की काम संपले, असे समजणे चूक आहे. पुण्याच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये मोठ्या अभिमानाने उभी राहिली. स्वस्त पेनिसिलीन देशाला दिले. तीच कंपनी १९९७ मध्ये आजारी उद्योग म्हणून नोंदली गेली. सरकारी पाटी ही हमी नसते. कंपनी रोज नीट चालवावी लागते.

पाणी, वायू आणि छत

खाणीतील मृत्यू फार वेगवेगळ्या वाटांनी येत नाही. पाणी, वायू, आग, कोसळणारे छत आणि वाहने, याच त्याच्या ठरलेल्या वाटा आहेत.

पाण्याचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसले आणि ६३ कामगार दगावले. तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. हाच पेंचचा पट्टा आज वेकोलिकडे आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाळा खाणीत जुन्या खोदकामात साठलेले पाणी फुटले आणि ३७५ कामगार बुडाले. ही खाणदेखील सरकारी व्यवस्थापनाखालीच होती. म्हणून नियम असा, की जुन्या, सोडून दिलेल्या खोदकामापासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचे नाही आणि पुढे आधी भोके पाडून पाणी आहे का ते तपासायचे. हा नियम कुणावर अवलंबून आहे? खाणीचा नकाशा काढणाऱ्या सर्व्हेअरवर. नकाशा चुकला तर खाली उतरलेला माणूस आंधळा होतो.

वायूचेही तसेच. कोळशातून मिथेन निघतो. हवेत तो पाच ते पंधरा टक्के झाला की एक ठिणगी पुरते. म्हणून सव्वा टक्क्यालाच वीज तोडायची आणि माणसे बाहेर काढायची, असा दंडक आहे. कोळसा हवेच्या संपर्कात आपोआपही तापतो आणि पेटतो. त्यातून विषारी कार्बन मोनॉक्साइड सुटतो, त्याला वासही नसतो. त्यासाठी जुने भाग भिंती घालून बंद करायचे, पोकळ्या वाळूने भरायच्या, ताज्या हवेचा पंखा थांबू द्यायचा नाही.

आणि छत. जुना कामगार लोखंडी सळईने छत ठोकून बघतो. ठणठणीत आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर धोका. आता छताला पोलादी बोल्ट मारून थर एकमेकांना शिवतात. पण बोल्ट मारण्याआधी पुढे जायचे नाही, हा नियम पाळला तरच त्याचा उपयोग. ६ मार्च २०२५ रोजी बैतूल जिल्ह्यातील वेकोलिच्या छतरपूर-१ या खाणीत छत कोसळून तिघांचा मृत्यू झाला. ते तिघेही पर्यवेक्षण करणारे होते. छत पद पाहून पडत नाही.

सुरक्षितता आणि कार्यक्षमता यांचे भांडण आहे का?

‘नियम पाळत बसलो तर उत्पादन कसे होणार?’ हे वाक्य प्रत्येक कारखान्यात ऐकू येते. खाणीत त्याचे उत्तर आकड्यांतच आहे.

खुल्या खाणीचे उदाहरण घ्या. कोळशाच्या थरावर माती-दगडांचा जाड थर असतो. तो आधी हलवावा लागतो. वर्षअखेरीला टनांचे लक्ष्य गाठायचे म्हणून एखाद्या व्यवस्थापकाने माती हलवणे मागे ठेवले आणि नुसता कोळसा उचलला, तर यंदा आकडा छान दिसतो. पण खाणीच्या पायऱ्या अरुंद आणि उभ्या होतात, डंपरला वळायला जागा उरत नाही, पावसात दरड घसरते. पुढच्या वर्षी उत्पादनही अडते. म्हणजे जी चूक माणूस मारते, तीच उत्पादनही मारते.

चांगल्या कारभाराची लक्षणे साधी आहेत. पावसाळ्याआधी नाले आणि पंप तयार असतात. फावडा-यंत्र डंपरची वाट पाहत उभे राहत नाही. सुटे भाग वेळेवर येतात. कोळशात दगड मिसळून वजन वाढवले जात नाही. वीज केंद्रांच्या अशाच तक्रारींमुळे कोळशाच्या प्रतीची तपासणी त्रयस्थ संस्थेकडून करण्याची पद्धत आली. खाणीचे टाकाऊ तेही कामी लावता येते. नागपूरजवळ भानेगाव येथे वेकोलिने खाणीच्या मातीतून वाळू वेगळी केली आणि ती स्वस्त घरांच्या योजनेला पुरवली. पाटणसावंगी येथे खाणीतले पाणी शुद्ध करून पिण्यासाठी दिले. अशी बुद्धी सरकारी कंपनीत नसते, हा समज खोटा आहे.

धाडसही असते. नोव्हेंबर १९८९ मध्ये बंगालमधील महाबीर खाणीत पाणी भरून अनेक कामगार अडकले. जसवंतसिंग गिल या सरकारी कंपनीच्या अभियंत्याने वरून भोक पाडून माणूस मावेल एवढी पोलादी कुपी तयार करवली आणि त्या कुपीतून स्वतः खाली उतरले. ६५ जण एकेक करून वर आले.

कंत्राटदाराचा माणूस कुणाचा?

आता मूळ दुखण्याकडे येऊ. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडमधील राजमहाल खुल्या खाणीत मातीचा प्रचंड ढिगारा घसरला. २३ कामगार गाडले गेले. खाण सरकारी होती, माणसे कंत्राटदाराची होती.

सरकारी कंपनीच्या थेट भरतीत आरक्षण आहे, प्रशिक्षण आहे, दवाखाना आहे, निवृत्तिवेतन आहे. कंत्राटदाराच्या भरतीत आरक्षण नाही. ज्या कामासाठी आपल्या बापाला कायम नोकरी मिळाली होती, त्याच कामावर आज मुलगा कंत्राटात लागतो. कोल इंडियाने २०१३ मध्ये कंत्राटी खाणकामगारांसाठी वेगळे वाढीव वेतनदर मान्य केले. परंतु दर कागदावर असणे आणि खात्यात जमा होणे यांत अंतर पडते. ज्याची नोकरी उद्या जाऊ शकते, तो कामगार ‘छत पोकळ वाजते’ असे साहेबाला सांगायला कचरतो. सुरक्षिततेचे पहिले साधन टोपी नव्हे. न घाबरता बोलता येणे हे पहिले साधन आहे.

कायद्याने ही वाट ठेवलेली आहे. धोका दिसला तर माणसे मागे घेणे हे मायनिंग सरदाराचे कर्तव्यच आहे. कामगारांच्या वतीने तपासणी करणारा निरीक्षक आणि सुरक्षा समिती यांची तरतूद नियमांत १९८० च्या दशकातच आली. प्रश्न असा, की त्या समितीत कंत्राटी कामगार बसतो का? बैठकीत नोंदवलेल्या दोषाचे पुढे काय झाले, हे कुणी विचारतो का?

आपण काय करावे?

ज्यांच्या घरचे माणूस खाणीत आहे, त्यांनी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. कामाआधीचे प्रशिक्षण खरोखर झाले की नुसती सही घेतली? छातीचा एक्स-रे आणि वैद्यकीय तपासणी ठरल्या वेळी होते का? हजेरी कंपनीच्या नोंदीत आहे की फक्त ठेकेदाराच्या वहीत? भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक मिळाला का? ही कागदपत्रे बायकोच्याही हाती असावीत. अपघातानंतर ती शोधत फिरण्याची वेळ कुणावर येऊ नये.

आणि शिकणाऱ्या मुला-मुलींनी या क्षेत्राकडे वरच्या पायरीवरून पाहावे. नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत खाण अभियांत्रिकीची पदवी मिळते. सर्व्हेअर, ओव्हरमन, मायनिंग सरदार यांच्या परवान्यांच्या परीक्षा धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयामार्फत होतात. खाणीचा नकाशा ज्याच्या हातात, माणसे मागे घेण्याचा अधिकार ज्याच्या हातात, त्या जागांवर आपली मुले बसली पाहिजेत.

खाण सरकारची आहे, म्हणजे ती जनतेची आहे. मालकाने हिशेब विचारायचा असतो. वेकोलि किंवा कोल इंडिया वर्षाला किती टन काढते हे वर्तमानपत्रात छापून येते. पाळीवर उतरलेली सगळी माणसे वर आली का, हेही त्याच ओळीत छापले जावे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.