जुनी यानं अजून चालतात कशी? दूर अंतराळातल्या यानांबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमावास्येच्या आसपास पुण्याहून बरीच मंडळी आकाश बघायला मुळशी-ताम्हिणीच्या बाजूला येतात. मे महिन्यात मध्यरात्र उलटली की वृश्चिकाच्या वर, जवळजवळ डोक्यावर, भुजंगधारी हा तारकासमूह येतो. 5 सप्टेंबर 1977 ला पृथ्वीवरून निघालेलं नासाचं व्हॉयेजर-1 त्याच दिशेला आहे. त्याच्याआधी पंधरा-सोळा दिवस निघालेलं व्हॉयेजर-2 मयूर तारकासमूहाच्या दिशेला आहे. मयूर आपल्याकडून दक्षिण क्षितिजाच्या थोडाच वर दिसतो. कुठल्याही दुर्बिणीतून ही यानं दिसत नाहीत, फक्त दिशा दाखवता येते. पण दिशा दाखवली की प्रश्न सुरू होतात, आणि त्या प्रश्नांमध्ये काही समजुती हमखास असतात. त्या एकेक करून तपासू.

गैरसमज 1: व्हॉयेजर सूर्यमालेच्या बाहेर पडलं आहे.

वस्तुस्थिती: सूर्यापासून वाहणाऱ्या विद्युतभारित कणांचा एक मोठा फुगा सूर्यमालेभोवती आहे. व्हॉयेजर-1 ने तो 25 ऑगस्ट 2012 ला ओलांडला आणि व्हॉयेजर-2 ने 5 नोव्हेंबर 2018 ला. तिथून पुढे ताऱ्यांमधलं अवकाश सुरू होतं. पण सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाची सत्ता त्याच्याही फार पलीकडे पोहोचते. सूर्याला बांधलेल्या बर्फाळ पिंडांच्या ऊर्टच्या मेघाची आतली कड गाठायलाच व्हॉयेजर-1 ला आणखी सुमारे तीनशे वर्षं लागतील, आणि तो मेघ पार करायला हजारो.

गैरसमज 2: इंधन संपलं की यान थांबेल.

वस्तुस्थिती: यान थांबणार नाही. गुरू आणि शनीच्या गुरुत्वाकर्षणानं मिळालेला वेग त्याच्याजवळ आहे. सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर या वेगानं ते जात राहील. इंधन लागतं ते तोंड पृथ्वीकडे ठेवायला. 3.7 मीटर व्यासाची अँटेना जराशी हलली तरी पृथ्वी तिच्या माऱ्यातून निसटते. यान वळवणारी ही बारकी रॉकेटं हायड्रॅझिनवर चालतात, आणि खरी डोकेदुखी आहे ती त्यांच्या नळ्यांची. इंधनाच्या टाकीतला रबरी पडदा जुना झाला, त्यातून निघालेलं सिलिकॉन डायऑक्साइड नळ्यांमध्ये साचत गेलं आणि काही नळ्या केसापेक्षाही अरुंद झाल्या. त्यामुळे अभियंते एक संच थकला की दुसऱ्यावर जातात, मग पहिल्यावर परततात. नोव्हेंबर 2017 मध्ये तर त्यांनी व्हॉयेजर-1 ची अशी रॉकेटं पेटवली, जी 1980 पासून एकदाही वापरली नव्हती. ती पहिल्याच प्रयत्नात चालली.

गैरसमज 3: आत अणुभट्टी आहे, तेव्हा विजेची चिंता नाही.

वस्तुस्थिती: अणुभट्टी नाही. प्लुटोनियम-238 आपोआप क्षय पावताना जी उष्णता निघते, तिच्यापासून वीज बनवणारी तीन जनित्रं प्रत्येक यानावर आहेत. निघताना त्यांच्यातून साधारण 470 वॅट वीज मिळत होती. ती दरवर्षी सुमारे 4 वॅटनं घटते, आणि आता निम्मीही उरलेली नाही. घरातला साधा मिक्सर पाचशे वॅटचा असतो. त्याच्या निम्म्याहून कमी विजेवर हे अख्खं यान चालतं.

म्हणून यान चालू ठेवायचं म्हणजे आता काय बंद करायचं, हे ठरवणं. 14 फेब्रुवारी 1990 ला व्हॉयेजर-1 ने मागे वळून सूर्यमालेची शेवटची छायाचित्रं घेतली आणि कॅमेरे कायमचे बंद झाले. पुढे उपकरणांचे हीटर बंद होत गेले. 2019 मध्ये व्हॉयेजर-2 वरच्या वैश्विक किरण मोजणाऱ्या उपकरणाचा हीटर बंद केला. तापमान उणे 59 अंशांपर्यंत उतरलं. त्या उपकरणाची इतक्या थंडीत कधी चाचणीच झाली नव्हती, तरी ते आकडे पाठवत राहिलं. व्हॉयेजर-1 वरचं तसंच उपकरण फेब्रुवारी 2025 मध्ये बंद करावं लागलं, आणि महिन्याभरात व्हॉयेजर-2 वरचंही एक उपकरण. ज्यांनी हयातभर त्या आकड्यांवर काम केलं, त्यांच्याच संमतीनं हे निर्णय होतात. यातलं दुःख समजून घ्यायला वैज्ञानिक असावं लागत नाही.

गैरसमज 4: इतक्या लांब काही बिघडलं तर कोणी काही करू शकत नाही.

वस्तुस्थिती: 14 नोव्हेंबर 2023 पासून व्हॉयेजर-1 कडून येणाऱ्या माहितीला अर्थच उरला नाही. संदेश येत होता, पण वाचता येत नव्हता. मार्च 2024 मध्ये अभियंत्यांनी यानाच्या संगणकाला मुद्दाम डिवचणारी एक आज्ञा पाठवली. उत्तरात त्याच्या स्मृतीची संपूर्ण नक्कल आली. ती जुन्या नकलेशी ताडून पाहिल्यावर कळलं की स्मृतीचा सुमारे 3 टक्के भाग बिघडला आहे, आणि त्याचं मूळ एका चिपमध्ये आहे.

चिप बदलायला कोणी जाऊ शकत नव्हतं. मग तिच्यावरचा प्रोग्राम दुसरीकडे हलवायचं ठरलं. पण तो सलग मावेल एवढी मोकळी जागा कुठेच नव्हती. म्हणून त्याचे तुकडे केले, जिथे फट मिळाली तिथे एकेक बसवला, आणि एका तुकड्यानं दुसऱ्याला हाक मारायची तर पत्ता कोणता, हे सगळीकडे बदललं. आधार होता तो काही दशकं जुन्या कागदपत्रांचा. पहिला तुकडा 18 एप्रिलला रवाना झाला. संदेश जायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. 20 एप्रिलला उत्तर आलं, आणि पाच महिन्यांनी यानाच्या प्रकृतीचा पहिला वाचनीय अहवाल हाती पडला. जूनपर्यंत उरलेली चारही उपकरणं पुन्हा बोलू लागली.

चूक पृथ्वीवरूनही होते. जुलै 2023 मध्ये एका चुकीच्या आज्ञेनं व्हॉयेजर-2 ची अँटेना फक्त 2 अंशांनी वळली आणि संपर्क तुटला. कॅनबेराच्या 70 मीटरच्या अँटेनातून पूर्ण ताकदीनिशी संदेश सोडला, तेव्हा 4 ऑगस्टला यान ताळ्यावर आलं. तो संदेश पोहोचला नसता, तरी ऑक्टोबरमध्ये यानानं आपली दिशा आपोआप सुधारली असती. ही सोय यानात आधीच करून ठेवली होती.

गैरसमज 5: आपल्या खोडदच्या जीएमआरटीनं व्हॉयेजर ऐकता येईल.

वस्तुस्थिती: जुन्नर तालुक्यातल्या या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत, त्यामुळे असं वाटणं स्वाभाविक आहे. पण व्हॉयेजरची माहिती सुमारे 8,400 मेगाहर्ट्झवर येते आणि जीएमआरटी साधारण 1,450 मेगाहर्ट्झपर्यंतच ऐकते. तिच्या अँटेनांचा पृष्ठभाग तारेच्या जाळीचा आहे. लांब लहरी त्या जाळीवरून नीट परावर्तित होतात, तर साडेतीन सेंटिमीटरच्या आखूड लहरींसाठी ती जाळी बनवलेलीच नाही. शिवाय व्हॉयेजरचा प्रक्षेपक जेमतेम 20-25 वॅटचा. पृथ्वीवरच्या सर्वांत मोठ्या अँटेनात त्यातून जे पोहोचतं, ते एका वॅटच्या अब्जाव्या भागाच्याही अब्जाव्या भागाहून कमी असतं.

योग्य लहरींवर मात्र हीच दुर्बीण कमाल करते. 19 ऑक्टोबर 2016 ला युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत होतं. त्याचा 400 मेगाहर्ट्झच्या आसपासचा क्षीण संदेश थेट ऐकला तो पुणे जिल्ह्यातल्या याच जाळ्यांनी. उतरण्याच्या अपेक्षित वेळेच्या थोडंसं आधी संदेश थांबला. यान कोसळलं होतं, आणि काहीतरी बिनसल्याची पहिली चाहूल खोडदला लागली.

गैरसमज 6: व्हॉयेजर केसरबाईंचं गाणं अवकाशात वाजवत चाललं आहे.

वस्तुस्थिती: गाणं आहे, वाजत नाही. गोव्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी दोन्ही यानांवरच्या तबकडीत आहे. सोन्याचा मुलामा दिलेली ही तांब्याची तबकडी यानाच्या बाहेरच्या अंगाला बसवली आहे, आणि ती वाजवण्यासाठी सुई व चित्रांतून सूचनाही आहेत. तीत 55 भाषांमधल्या शुभेच्छा आहेत, त्यांत मराठीही आहे. केसरबाई 16 सप्टेंबर 1977 ला, व्हॉयेजर-1 निघाल्यानंतर अकराव्या दिवशी गेल्या. तबकडीला वीज लागत नाही, त्यामुळे यानाचा आवाज बंद झाल्यावरही ती शाबूत राहील.

गैरसमज 7: मंगळयान सहा महिन्यांचं होतं, म्हणजे त्यानंतर ते निकामीच.

वस्तुस्थिती: सहा महिने हे ठरवलेलं आयुष्य होतं. 24 सप्टेंबर 2014 ला मंगळाच्या कक्षेत गेलेलं हे यान साडेसात वर्षं काम करत राहिलं. जानेवारी 2017 मध्ये मंगळाच्या लांबलचक सावलीत अडकून बॅटरी संपू नये, म्हणून इंधन खर्चून त्याची कक्षा बदलली. एप्रिल 2022 मध्ये तशीच लांब सावली पुन्हा आली आणि संपर्क तुटला. जे इंधन तेव्हा लागलं असतं, त्यातलं बरंचसं पाच वर्षं आधी यान वाचवण्यात गेलं होतं. तो निर्णय योग्यच होता. पाच वर्षांचं निरीक्षण त्यानंच मिळवून दिलं.

या सगळ्यातून दिसतं ते असं: जुनं यान टिकतं ते जपून ठेवलेले कागद, आधीच करून ठेवलेल्या सोयी आणि निवृत्त झालेल्यांकडून काम शिकून घेणारी नवी माणसं यांच्या जोरावर. आपल्याकडे 23 ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन साजरा होतो. शाळाशाळांत उड्डाणाची चित्रफीत दाखवतात, मुलं टाळ्या वाजवतात. त्या दिवशी मुलांना ही दुसरी गोष्टही सांगायला हवी. उड्डाण काही मिनिटांत संपतं. त्यानंतर वर्षानुवर्षं यान सांभाळणाऱ्या अभियंत्याचं कामही तेवढ्याच तोलामोलाचं आहे. भारताची यानं आता अधिक दूर आणि अधिक काळासाठी जाणार आहेत, आणि ती सांभाळायची तयारी आजच्या वर्गांतूनच व्हायची आहे.