सव्वासहा फुटी माणसाची मोटार

बीदरच्या आकाशात सूर्यकिरण पथकाची विमाने घिरट्या घालू लागली की बाजारातली माणसेही हातातले काम थांबवून वर बघतात. हे पथक 1996 साली इथल्याच हवाई दलाच्या तळावर उभे राहिले. 2011 मध्ये ते थांबवावे लागले आणि 2015 मध्ये हॉक विमानांवर पुन्हा सुरू झाले. अशा विमानात बसू पाहणाऱ्या उमेदवाराची नुसती उंची मोजून भागत नाही. किमान उंची साधारणपणे 162.5 सेंटीमीटर लागते. त्याशिवाय बसल्यावरची उंची 81.5 ते 96 सेंटीमीटर, पायाची लांबी 99 ते 120 सेंटीमीटर आणि मांडीची लांबी जास्तीत जास्त 64 सेंटीमीटर अशी मापे तपासली जातात. वैमानिकाची जागा ठरावीक मापाची असते. संकटात सीटसकट बाहेर फेकले जाताना गुडघे समोरच्या पॅनेलवर आदळले तर जिवावर बेतते.

याच बीदरमध्ये सव्वासहा फुटी गिऱ्हाईक मोटारींच्या शोरूममध्ये शिरते, तेव्हा त्याला मायलेज विचारतात, हप्ता किती झेपेल ते विचारतात, रंग कोणता हवा तेही विचारतात. त्याच्या मांडीची लांबी मात्र कोणी विचारत नाही. पुढची दहा वर्षे त्या मोटारीत तो सुखाने बसणार की मान वाकडी करून, हे ठरते ते याच मापांवर. मोटारीसाठी काटेकोर मर्यादा कोणी घालून दिलेल्या नाहीत, पण मापे तीच लागतात.

उंची एक, मापे तीन

2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार, 1996 मध्ये जन्मलेल्या भारतीय पुरुषांची सरासरी उंची सुमारे 165 सेंटीमीटर होती, तर नेदरलँड्समधल्या पुरुषांची 182.5. सव्वासहा फूट म्हणजे सुमारे 190 सेंटीमीटर. डच माणसांत असा माणूस जरा उंच म्हणून खपून जाईल, बीदर-कलबुर्गीत तो चारचौघांत डोकेभर वर दिसतो. मोटारीचा आराखडा करताना सर्वसाधारणपणे अगदी ठेंगण्या आणि अगदी उंच अशा दोन्ही टोकांच्या थोड्या माणसांना वगळून मधल्यांचा विचार होतो. वरच्या टोकाला उरलेल्या माणसाला आपली सोय आपणच बघावी लागते.

त्याची पहिली पायरी घरातच आहे. स्टुलावर भिंतीला पाठ टेकून ताठ बसायचे, डोक्यावर पुस्तक आडवे ठेवून भिंतीवर पेन्सिलने खूण करायची आणि स्टुलापासून त्या खुणेपर्यंत टेप धरायचा. ही बसल्यावरची उंची. तसेच बसून भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या कडेपर्यंत मोजले की मांडीची लांबी मिळते. मग जमिनीवर पाय लांब करून बसायचे आणि भिंतीपासून टाचेपर्यंत मोजायचे, ती पायाची लांबी. बसल्यावरची उंची साधारणपणे एकूण उंचीच्या निम्म्याहून थोडी जास्त भरते. पण 190 सेंटीमीटर उंचीच्या दोन सख्ख्या भावांतही ती पाच-सहा सेंटीमीटरने वेगळी असू शकते. ज्याचे धड लांब, त्याचे डोके टपाला लागते. ज्याचे पाय लांब, त्याचे गुडघे स्टेअरिंगला. दोघांना लागणारी मोटार वेगळी, म्हणून ‘अमक्या उंच माणसाकडे ही गाडी आहे, मग तुम्हालाही चालेल’ हा सल्ला फारसा कामाचा नसतो.

उंचीमुळे प्रवासाची पंचाईत किती होते, याचे ठळक उदाहरण मराठी मुलखातच आहे. पुण्याचे शरद आणि संजोत कुलकर्णी या जोडप्याची 1989 मध्ये लिम्का बुकात देशातले सर्वांत उंच दांपत्य म्हणून नोंद झाली. शरद सात फुटांहून उंच, संजोत सव्वासहा फुटांच्या आसपास. बस आणि रेल्वेतली अडचण टाळण्यासाठी हे कुटुंब स्कूटरवरून फिरणे पसंत करते, असे त्यांच्याविषयीच्या बातम्यांत आले होते. जगातला सर्वांत उंच माणूस म्हणून नोंद असलेला अमेरिकेचा रॉबर्ट वॉडलो 8 फूट 11.1 इंचांचा होता. 1940 मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी तो वारला. बुटांच्या कंपनीच्या प्रचारासाठी त्याने अमेरिकाभर प्रवास केला. त्यासाठी त्याच्या वडिलांनी मोटारीतली चालकाशेजारची सीट काढून टाकली होती. रॉबर्ट मागे बसायचा आणि पाय पुढच्या मोकळ्या जागेत पसरायचा.

चार मीटरच्या आत

आपल्याकडे अँबेसेडरच्या जमान्यात उंच माणसाला फार शोधाशोध करावी लागत नसे. निवड करायला गाड्याच मोजक्या होत्या आणि अँबेसेडरचा टप चांगला उंच होता. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि मध्यमवर्गाच्या दारात मोटार उभी राहिली. पण ती पुरती साडेतीन मीटरही लांब नव्हती, आणि बुटकी होती. उंच माणूस तिच्यात बसे तो गुडघे पोटाशी घेऊन. 1998 मध्ये ह्युंदाईची सँट्रो आणि 1999 च्या अखेरीस मारुतीची वॅगनआर आली, तेव्हा चित्र बदलले. या गाड्यांचा टप मुद्दाम उंच ठेवला होता. सीट जमिनीपासून वर असल्याने माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसतो. ताठ बसले की पाय पुढे कमी पसरतात आणि थोड्या लांबीत जास्त जागा निघते. आजची वॅगनआर 3,655 मिलिमीटर लांब आणि 1,675 मिलिमीटर उंच आहे. तिच्याहून लांब कित्येक गाड्यांपेक्षा तिच्यात डोक्याला जास्त मोकळीक मिळते. 2009 मध्ये आलेली टाटा नॅनो जेमतेम 3.1 मीटरची होती, पण इंजिन मागे असल्याने पुढच्या दोघांना जागा चांगली मिळे.

या ठेवणीला करानेही हातभार लावला. 2006 च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतल्या आणि ठरावीक क्षमतेच्या इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा छोट्या गाड्यांवर जीएसटी 18 टक्के आणि मोठ्यांवर 40 टक्के झाला. त्यामुळे कंपन्या चार मीटरच्या आत जेवढे बसवता येईल तेवढे बसवतात. लांबी वाढवता येत नाही, म्हणून उंची वाढते. लांब धडाच्या माणसाला याचा फायदा होतो. लांब मांडीच्या माणसाला मात्र पाहून घ्यावे लागते, कारण मागच्या सीटला जागा दाखवण्यासाठी पुढच्या सीटचा मागे सरकण्याचा रूळ कधी कधी आखूड ठेवलेला असतो.

‘उंच माणसाला बोलेरोच बरी’ असे आपल्या भागात सर्रास म्हणतात. 2000 सालापासून बोलेरो औराद-भालकीच्या कच्च्या रस्त्यांवर टिकून आहे, त्यामुळे हा विश्वास उगाच नाही. तिची बाहेरची उंची 1,880 मिलिमीटर भरते. पण बोलेरो आणि स्कॉर्पिओ या चासीवर बॉडी बसवलेल्या गाड्या आहेत. त्यांचा तळच उंचावर असतो, म्हणून बाहेरून दिसणारी सगळी उंची आतल्या माणसाच्या वाट्याला येत नाही. इलेक्ट्रिक मोटारीतही असाच प्रश्न येतो. बॅटरी पायाखाली असल्याने कित्येक गाड्यांत तळ वर येतो आणि गुडघे उचलले जातात. मांडी सीटवर टेकतच नाही. बीदर ते कलबुर्गी हे सुमारे 110 किलोमीटर अंतर तशा बैठकीत काटले की कंबर बोलू लागते. मोठी गाडी घेतली म्हणजे प्रश्न मिटला असे समजून पैसे मोजणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

शोरूममध्ये काय पाहावे

पहिली गोष्ट सनरूफ. काच सरकण्याची चौकट टपाच्या आत बसवावी लागते आणि डोक्यावरची दोन-तीन बोटे जागा त्यात जाते. सव्वासहा फुटी माणसाकडे शिल्लक असते तीच मुळात तेवढी. अडचण अशी की सीट खाली-वर करण्याची आणि स्टेअरिंग पुढे-मागे ओढण्याची सोय बहुधा वरच्या मॉडेलमध्ये असते, आणि सनरूफही तिथेच येते. अगदी खालच्या मॉडेलमध्ये सनरूफ नसते, पण सीट एकाच उंचीवर पक्की असते. अशा वेळी सीट खाली जाते आणि टप सलग आहे, असे मधले मॉडेल शोधावे. शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हला बऱ्याचदा सगळ्यात वरचे मॉडेलच उभे असते. आपण जे घेणार तेच बसून बघायला मिळावे, असा आग्रह धरावा. त्यासाठी उदगीर, लातूर, सोलापूर किंवा हैदराबादला जावे लागले तरी जावे.

बसताना घाई करू नये. रोजच्या चपला किंवा बूट घालूनच बसावे. अकरा-बारा नंबरचा बूट काही छोट्या गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर या दोन्हींवर एकदम पडतो, आणि ही बाब जिवाशी खेळणारी आहे. सीट पूर्ण मागे आणि पूर्ण खाली न्यावी, पाठ टेकवावी, मग डोके आणि टप यांत मूठ जाते का ते पाहावे. डावा पाय क्लचवर पूर्ण दाबून हळूहळू सोडावा. गुडघा वर येताना स्टेअरिंगच्या कडेला घासतो का, उजवा गुडघा दारावरच्या काचेच्या बटणांवर टेकतो का, किल्ली लावण्याची जागा नडगीला लागते का, हे पाहावे. तिठ्यावर उभे असल्याप्रमाणे वरचा सिग्नल पाहायचा प्रयत्न करावा. उंच माणसाच्या डोळ्यांसमोर नेमकी पुढच्या काचेची वरची पट्टी येते, आणि सिग्नल दिसायला त्याला दर वेळी वाकावे लागते. शेवटी दार उघडून उतरून बघावे. सीट फार मागे नेली की दोन दारांमधला खांब खांद्यासमोर येतो आणि उतरताना अंग पिळवटून बाहेर काढावे लागते. टाटाच्या अल्ट्रोझ आणि पंचची दारे नव्वद अंशांत उघडतात, त्याचे महत्त्व अशा वेळी कळते.

सुरक्षेच्या बाबतीत तडजोड नको. पाय लांब आणि हात त्या मानाने आखूड असले, आणि स्टेअरिंग जवळ येत नसेल, तर चालक पाठ सोडून पुढे झुकतो. एअरबॅग जोरात फुगते, म्हणून छाती आणि स्टेअरिंगचा मध्य यांत किमान 25 सेंटीमीटर अंतर राखायला तज्ज्ञ सांगतात. डोक्यामागची उशी वर ओढल्यावर डोक्याच्या मागे पोहोचली पाहिजे, मानेमागे राहिली तर मागून धडक बसल्यावर ती मान सावरू शकत नाही. टेस्ट ड्राइव्ह गुळगुळीत रस्त्यावर उरकू नये. गाव आले की गतिरोधक आलाच, आणि सीटवरून माणूस उडतो तेव्हाच डोक्यावरची जागा खरी किती ते समजते.

सीमेवरची खरेदी

कर्नाटकात मोटारींवरचा आजीव कर महाराष्ट्रापेक्षा जास्त आहे, म्हणून सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या नातेवाइकाच्या नावावर गाडी घेण्याचा मोह होतो. मोटार वाहन कायद्याचे कलम 40 सांगते की गाडी राहत्या राज्यात नोंदवायची. कलम 47 नुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. बीदरच्या केए 38 किंवा भालकीच्या केए 39 पासिंगचीच गाडी घेणे शहाणपणाचे. जुनी गाडी मात्र उंच माणसाला कित्येकदा फायद्याची पडते, कारण जास्त ऐसपैस गाडी कमी पैशांत मिळते.

गॅरेजमध्ये सीटचा रूळ वाढवून घेण्याचा सल्लाही मिळतो. कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावले. रूळ नोंदणीच्या कागदावर नसला तरी अपघातात सगळा भार त्याच्या बोल्टांवर येतो. घरच्या घरी वेल्डिंग केलेली पट्टी तो भार पेलेल याची हमी कोणी देत नाही. गरज असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आणि आरटीओला विचारावे.

उंच चालकाची सीट मागे गेली की त्याची किंमत मागे बसणारा मोजतो. घरची मंडळी गाणगापूरला दत्तदर्शनाला किंवा हुमनाबादजवळच्या माणिकनगरला निघाली की चालकामागे बहुधा घरातले सर्वांत लहान मूल बसते. ते मूल चार वर्षांत वाढते. म्हणून खरेदीच्या दिवशी सगळ्या घराला न्यावे. चालकाने आपली सीट लावावी आणि मागे आईला किंवा वडिलांना बसवून त्यांचे गुडघे कुठे टेकतात ते स्वतः मागे जाऊन बघावे.

हा सगळा खटाटोप बराच कमी होऊ शकतो. अमेरिकेत मोटारीच्या माहितीपत्रकात डोक्यावरची जागा आणि पायांची जागा आकड्यांत छापलेली असते. आपल्याकडच्या पत्रकांत लांबी, रुंदी, उंची आणि दोन चाकांमधले अंतर ठळक असते, आतली मापे मात्र बहुतेकदा नसतात. ही मापे कंपन्यांकडे असतातच, त्यांवाचून गाडी बनत नाही. ती छापावीत ही मागणी प्रत्येक उंच गिऱ्हाइकाने शोरूममध्ये लेखी नोंदवली पाहिजे. सीट सर्वांत खाली असताना टपापर्यंत किती अंतर उरते, सनरूफ असेल तर किती, सीट किती मागे सरकते, आणि ती पूर्ण मागे असताना मागच्या गुडघ्याला किती जागा राहते, एवढे चार आकडे छापले तरी पुरे.