तातडीच्या उपचारांची मोफत शाळा

२००२ साली आपत्कालीन वैद्यक आणि अतिदक्षता या विषयांवर इंटरनेटवर मोजून २ ब्लॉग आणि १ पॉडकास्ट होता. नोव्हेंबर २०१३ पर्यंत ब्लॉग झाले १४१ आणि पॉडकास्ट ४२. ही मोजदाद माइक कॅडोगन, मिशेल लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. या वाढीमागे कुठलीही मध्यवर्ती योजना नव्हती. कॅडोगन आणि ख्रिस निक्सन यांचं ‘लाइफ इन द फास्ट लेन’ हे संकेतस्थळ ऑस्ट्रेलियातलं, स्कॉट वाइनगार्ट यांचं ‘ईएमक्रिट’ न्यू यॉर्कमधलं. आपल्याला जे कळलं ते डॉक्टरांनीच लिहायचं, बोलायचं, आणि कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत, एवढाच सगळा मामला. २०१२ मध्ये डब्लिनमधल्या एका परिषदेच्या वेळी कॅडोगन यांनी याला ‘फोम’ (मोफत, सर्वांना खुलं वैद्यकीय शिक्षण या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं) हे नाव दिलं.

या शाखेला घाई असण्याचं कारण उघड आहे. कॅज्युअल्टीत आलेला रुग्ण डॉक्टरचं वाचून होईपर्यंत थांबत नाही. त्यातच २००० साली मांडलेला एक गाजलेला अंदाज असा, की मूळ संशोधनापैकी जेमतेम १४ टक्के रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचतं, आणि त्यालाही सरासरी १७ वर्षं लागतात. मोफत ब्लॉगांमुळे शोधनिबंधाची चर्चा काही दिवसांत, कधी काही तासांत सुरू होऊ लागली.

पण वेगाने पोचणारी गोष्ट खरी असेलच असं नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचे पॉल मॅरिक यांनी सेप्सिस (जंतुसंसर्गाने ओढवणारा जीवघेणा आजार) झालेल्या ४७ रुग्णांना क जीवनसत्त्व, हायड्रोकॉर्टिसोन आणि थायमिन एकत्र दिलं. त्यातले ४ दगावले. त्याआधीच्या, हे औषध न मिळालेल्या ४७ जणांत १९ मृत्यू झाले होते. म्हणजे ८.५ टक्के विरुद्ध ४०.४ टक्के. डिसेंबर २०१६ मध्ये हा निबंध आला आणि बातम्या, ब्लॉग, पॉडकास्ट यांतून वाऱ्यासारखा पसरला. रुग्ण थोडे होते, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, तुलना जुन्या नोंदींशी होती. या तिन्ही उणिवा निबंधात सरळ दिसत होत्या, तरी कित्येक आयसीयूंमध्ये हे मिश्रण सुरू झालं. जानेवारी २०२० मध्ये २१६ रुग्णांच्या ‘व्हिटॅमिन्स’ चाचणीत फायदा दिसला नाही. २०२२ मध्ये ८७२ रुग्णांच्या ‘लोव्हिट’ चाचणीत क जीवनसत्त्व एकटंच दिलं गेलं, तेव्हा मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत ४४.५ टक्के निघालं, न घेणाऱ्यांत ३८.५. मोफत माध्यमाच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी: ‘व्हिटॅमिन्स’चा निकाल बेलफास्टमधल्या एका वैद्यकीय सभेत जाहीर झाला, तोही सगळ्यांना घरबसल्या पाहता येईल असा. चूक पसरवणाऱ्या वाटेनेच दुरुस्तीही आली, फक्त तीन वर्षं उशिरा.

चाळणी लावायचे प्रयत्न झालेले आहेत. मिशेल लिन यांच्या ‘एलिएम’ या संकेतस्थळाने ब्लॉगवरच्या लेखांना गुण द्यायला सुरुवात केली. ५ निकष, प्रत्येकी ७ गुण, एकूण ३५. तपासणाऱ्या अध्यापकांकडून ३० किंवा जास्त गुण मिळाले तरच रेसिडेंट डॉक्टरांसाठी शिफारस. मला ही पद्धत फार मोलाची वाटते, कारण लेखकाचं नाव किती मोठं आहे याला तिच्यात एकही गुण नाही.

भारतात आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता २००९ मध्ये मिळाली. शिकवणारे ज्येष्ठ कमी, त्यामुळे हे मोफत साहित्य इथल्या तरुण डॉक्टरांना फार मोठा आधार ठरलं. पण साहित्य लिहिणारे बहुतेक सिडनी, लंडन, न्यू यॉर्ककडचे. त्यांच्या कॅज्युअल्टीत जे येतं त्यावर ते लिहितात. आपल्याकडे मात्र २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यांत पाव हिश्शाहून अधिक पंधरा वर्षांखालची मुलं.

इथलं ज्ञान इथेच तयार होतं, याचा पुरावा महाडला आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाच्या ७० रुग्णांवर केलेली चाचणी २०११ मध्ये ‘बीएमजे’त आली. नुसतं प्राझोसिन हे औषध दिलेल्या ३५ पैकी ८ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, प्रतिविषाची जोड दिलेल्या ३५ पैकी ३२. हा निबंध कुणालाही फुकट वाचता येतो, पण तो इंग्रजीत आहे.

महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ सेवा सुरू झाली ती ९३७ रुग्णवाहिकांनी, प्रत्येकीत डॉक्टर. त्या डॉक्टरांसाठी आणि ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरांसाठी मराठीत, गुण देऊन तपासलेलं साहित्य हवं. सुरुवात घोणस-फुरशाच्या दंशापासून करता येईल. रक्त गोठतं की नाही ते आधी पाहायचं: रुग्णाचं २ मिलिलिटर रक्त नव्या, कोरड्या, साध्या काचेच्या नळीत घ्यायचं. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेलीही नाही. वीस मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच कलती करायची. रक्त वाहिलं तर ते गोठत नाही आणि प्रतिविष लागणार. सुरुवातीला ८ ते १० व्हायल, आणि मुलालाही मोठ्या माणसाइतक्याच, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही.